दूध ठेवलंय, अरविंद

अरे, गॅसवाला येऊन गेला. मिस्टर कोह. तू त्याला किती ओळखत होतास हे मला आज कळलं, आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. लग्न झाल्यापासून तुझ्यावर चिडत आले, ती सवय तू गेल्याला महिना व्हायच्या आत कशी सुटेल?

मी नव्या घरात आहे, यूनोसच्या. तू हे घर दोनदाच पाहिलंस. एकदा घ्यायचं ठरवलं तेव्हा आणि एकदा स्वयंपाकघराचं माप घ्यायला. त्या दुसऱ्या खेपेला तू टेप घेऊन ओट्यापाशी इतका रमलास की ती एजंट मुलगी कंटाळून कॉरिडॉरमध्ये जाऊन फोनवर बोलत बसली. टॅम्पिनीसचं जुनं घर आता आपल्याला मोठं पडतं, सई मेलबर्नहून परत यायची नाही, लहान घर घेऊ, केर कमी निघेल, एमआरटीचं स्टेशन समोरच आहे, दोघांना पुष्कळ झालं, हे सगळं तुझंच बोलणं. किल्ल्या हातात आल्या आणि तू गेलास. तेरावं झाल्यावर सईला परतावं लागलं, आणि सामान मी एकटीनं हलवलं. निम्मी खोकी अजून फोडायची आहेत.

ओळखीच्या बायकांचे फोन येतात. नीलिमा, वर्षाच्या आत वास्तुशांत करू नकोस हं, असं प्रत्येकीनं सांगून झालं. म्हणजे भटजी नाहीत, जेवणं नाहीत, दूध उतू घालणं नाही. मी सगळ्यांना हो म्हणते. पण दुधाचं नाव काढलं की प्रत्येकीला तू आठवतोस. सिंगापुरातल्या आपल्या मराठी माणसांत कुणाच्याही नव्या घरी दूध उतू जायचं तर शेगडीपाशी तू हवास, हे ठरूनच गेलं होतं. आता पुढची घरं काय करणार, कुणास ठाऊक.

ते सुरू झालं टॅम्पिनीसच्या आपल्या घरात. तुझी आई पुण्याहून मुद्दाम आली होती, लिटिल इंडियातून गुरुजी आले होते, माझ्या बँकेतले लोक रॅफल्स प्लेसहून ऑफिसचे कपडे न बदलता तसेच आले होते. आईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, पातेलं ठेवलं, शेजारी निरांजन लावलं. दूध वर आलं, काठावरून खाली उतरलं, ओट्यावर पसरलं. सगळ्यांना आनंद झाला, घर असंच भरून वाहू दे म्हणून. तेवढ्यात तू माणसांना बाजूला सारत आलास, शेगडीचं बटण बंद केलंस आणि सगळ्यांच्या देखत तोंडानं फुंकर मारून निरांजन विझवलंस.

कुणाला काही कळेना. सांडलेल्या दुधानं ज्योत विझली होती आणि गॅस मात्र येतच होता. बाजूला उघडा दिवा. तू जुरॉंगच्या कारखान्यात सुरक्षेचाच साहेब, तुला ते दिसलं. आम्हाला भरभराट दिसत होती. मग तू खिडक्या उघडल्यास, पंख्याच्या बटणाला हात लावू नका म्हणालास आणि पाहुण्यांना, गुरुजींसकट, कॉरिडॉरमध्ये नेऊन उभं केलंस. शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघत होत्या, त्यांनी गुरुजींना बसायला स्टूल दिलं.

वास्तूच्या दिवशी पोटच्या पोरानं दिवा फुंकला, हे आईंना फार लागलं. पुण्याला परत जाईपर्यंत त्या तुझ्याशी माझ्यामार्फत बोलत होत्या. समोर बसलेल्या तुला आमटी हवी का, हे त्या मला विचारायच्या. मी बाजू त्यांचीच घेतली. बटण बंद केलंस ते बरं केलंस, पण दिवा फूल ठेवून शांत करता आला असता, असं मी म्हटलं. फूल शोधेपर्यंत गॅस वाट बघत नसतो, असं तू म्हणालास. तो वाद आपण कधी मिटवला नाही. भांडायला दुसरं काही नसलं की तो काढायचो.

त्या प्रकारावर लोक हसले, आणि मग एकेक जण हळूच बोलावू लागला. अरविंदराव, रविवारी घर आहे, दुधाला या. पाया लेबारचा कॉन्डो असो की एखाद्या नव्यानं आलेल्या जोडप्याचा भाड्याचा फ्लॅट, तू जायचास. खिशात साबणाच्या पाण्याची छोटी बाटली आणि सईच्या रंगपेटीतला ब्रश. पाइपच्या प्रत्येक सांध्याला साबण लावायचास आणि डोळे बारीक करून बुडबुडा येतो का ते बघायचास. नाही आला की मान हलवायचास. गुरुजी म्हणायचे, मुहूर्त टळतोय. तू म्हणायचास, गळती काही मुहूर्त बघून होत नाही. मग शेगडीच्या बटणावर हात ठेवून उभा राहायचास. घरच्या बाईनं दूध बघायचं आणि तू ज्योत बघायची. दूध काठ सोडून उतरलं की त्याच क्षणी गॅस बंद.

लोक गुरुजींना नारळ द्यायचे, आणि मग तुलाही देऊ लागले. आपल्याकडे नारळ साठायचे आणि मी सोलकढी करून करून थकायचे. मी म्हणायचे, गुरुजी परवडले, तुझं सोवळं त्यांच्याहून कडक आहे. पण खरं सांगू, मला ते आवडायचं. परक्या देशात लोक आपल्या घराची पहिली ज्योत तुझ्या हाताखाली पेटवत होते. मी कोपऱ्यात उभी राहून तुझा तो बटणावरचा हात बघायचे. हे तुला सांगितलं नव्हतं, तेवढं आज सांगते.

आणि मग करोनात माझा वास गेला. बाकीच्यांचा परत आला, माझा आला नाही. मी त्याची थट्टाच करत होते. उतारवयात नवऱ्याच्या मोज्यांचा वास येईनासा होणं ही देवाची कृपा, असं सगळ्यांना सांगायचे. पण तू ती गोष्ट थट्टेवारी नेली नाहीस. तू माझं नाक झालास. बाहेरच्या खोलीतून सांगायचास, मोहरी करपतेय, दूध लागतंय, डाळीला आता पुरे. आणि मी विचारायचे, वास कसा आहे? तू म्हणायचास, चांगला आहे. मला संताप यायचा. चांगला म्हणजे काय, नीट सांग.

मग तू शिकलास. तूप कढवताना सांगितलंस, आता भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळपास आलंय. कोथिंबिरीचा वास हिरवा येतो म्हणालास, आणि मी हसले तर रुसलास. एकदा लिटिल इंडियात सेरंगून रोडवर मोगऱ्याचा गजरा घेतला आणि मी सवयीनं विचारलं. तू गजरा नाकाशी धरून भर रस्त्यात उभा राहिलास. लोक वळसा घालून जात होते, फुलवाली तोंडाकडे बघत होती, आणि तुला शब्द सापडेना. शेवटी म्हणालास, सईच्या बारशाला आपल्या घरात येत होता ना, तो. अरविंद, मला तो वास आला. तुला तेव्हा सांगितलं तर तू खोटं म्हणालास, पण खरंच आला.

मागच्या हिवाळ्यात आपण सईकडे गेलो, तेव्हा ती घरातली हीटिंगची जुनी भट्टी काढून नवी बसवत होती. आपल्याला इथे हवा गार करायची सवय, तिथे घर गरम करायला गॅसची भट्टी लागते आणि तिची ऊब जाळ्यांतून खोल्याखोल्यांत येते, याचंच मला नवल. तुला नवल वगैरे काही नाही. तू दोन स्वेटर घालून त्या माणसाच्या मागे लागलास. धूर कुठल्या नळीनं बाहेर जातो, नळीचं तोंड खिडकीखाली तर येत नाही ना, भट्टीला ताजी हवा कुठून मिळते, पाइप तपासला का. सई शरमून गेली. "बाबा, ही इज लायसन्स्ड. कॅन यू प्लीज लीव्ह द पुअर मॅन अलोन?" तो माणूस उलट खूश झाला. पहिल्यांदा पेटवताना त्यानं तुला हाक मारून बोलावलं. तू गुडघ्यावर बसून काचेतून आत बघितलंस आणि मला म्हणालास, निळी आहे, म्हणजे नीट जळतेय.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात जाऊन भट्टीच्या विषारी वायूचा अलार्म आणलास आणि त्यांच्या झोपायच्या खोलीबाहेर लावलास. खुर्चीवरून उतरलास आणि छातीवर हात ठेवून तिथेच जिन्यात बसलास. मी विचारलं तर म्हणालास, थंडीनं धाप लागली.

परत आल्यावर तुझं सुरू झालं. नव्या घरात गॅस नको, इंडक्शन घेऊ. मला आधी चेष्टाच वाटली. यूनोसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या टेबलावर, कॉफी घेत होतो, इथली कोपी. मी म्हटलं, जन्मभर माझ्या शेगडीला साबण लावलास आणि आता शेगडीच काढून टाकतोस? तू म्हणालास, सपाट असतं, पुसायला सोपं. जन्मात कधी ओटा पुसला नाहीस तू. मी भरताच्या वांग्यापासून फुलक्यापर्यंत आणि पापडापासून फोडणीच्या पळीपर्यंत सगळं काढलं. ज्योत दिसल्याशिवाय मला स्वयंपाक केल्यासारखा वाटत नाही, असं सांगितलं. तू ऐकत होतास, पण हटत नव्हतास. मग माझा आवाज चढला. मी विसराळू झाले, असं तुला म्हणायचंय का?

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंस?"

तू कोपीचा कप बशीत फिरवत राहिलास. मग हळू आवाजात म्हणालास, "तुला वास येत नाही, नीलू."

"तू आहेस ना," मी म्हणाले.

दोघांचे कप उचललेस आणि ट्रे परत ठेवायला गेलास. मला वाटलं, बोलती बंद केली. बँकेत आयुष्यभर ऑडिट केलं मी, समोरचा गप्प झाला की मुद्दा सिद्ध झाला असं समजायची खोड लागली आहे. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाबद्दल तुला आधीच काय सांगून ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तुला एवढंच म्हणायचं होतं की मी नसेन. आणि मी नेमकं तेच तुझ्या तोंडावर मारलं, की तू आहेस ना.

त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा बोललो नाही. पुढे हॉस्पिटलात बोलायला बराच वेळ होता, पण तिथे आपण मोसंबी कुणी सोलायची यावर भांडलो.

मंडाईच्या स्मशानात काचेच्या पलीकडे तुला आत नेलं, तेव्हा सई माझा हात धरून रडत होती आणि माझ्या मनात काय यावं? की ही पण गॅसचीच भट्टी, हिचे सांधे कुणी बघितले असतील का. मी सईला तसं सांगितलं. रडता रडता ती हसायला लागली आणि मग आम्हाला दोघींना आवरेना. मागच्या लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. घरी आल्यावर रीतीप्रमाणे दक्षिणेकडे वात करून दिवा लावला, तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही असा. तुझ्या धाकानं मी आधी खिडकीचे पडदे काढून ठेवले, दिवा स्टीलच्या ताटात ठेवला, आणि खाली वाण्याकडे जायचं तरी कुणालातरी बसवून गेले. उघडी ज्योत सोडून घराबाहेर जायचं नाही. बघ, किती ऐकते तुझं.

म्हणूनच मी ठरवलं की शेगडीचंही ऐकायचं. भरीत-पापडाचा हट्ट तू होतास म्हणून होता. आता गॅस सुटला तर मला सांगणार कोण? रोज संध्याकाळी टॅम्पिनीसच्या ओट्यापाशी उभी राहून बटणं पुन्हा पुन्हा बघायचे. बंद आहेत हे डोळ्यांना दिसायचं, पण खात्री होत नव्हती. भीती वाटायची रे. ही तुझ्यामागे राहिलेली पहिली गोष्ट, दुःखाच्याही आधीची. त्यातच परवा एका मिस्टर कोहचा फोन आला, यूनोसच्या गॅसचं काम कधी करू म्हणून. मला वाटलं, पाइप तपासायला तू कुणाला सांगून ठेवलं असशील. मी म्हटलं, या, आणि पाइपचं तोंड कायमचं बंद करून जा.

आज सकाळी तो आला. साठीचा, पाठीत थोडा वाकलेला, हातगाडीवर दोन मोठी खोकी. माझ्या मागे डोकावून म्हणाला, "अंकल नॉट होम?"

मी सांगितलं. तो दारातच उभा राहिला. मग चपला काढून आत आला, सॉरी आंटी म्हणाला, आणि थोडा वेळ खोक्याच्या दोऱ्यांशी चाळा करत राहिला. मी म्हटलं, मला गॅस नको आहे, मी इंडक्शन घेणार, पाइप बंद करा. तो गोंधळला. खोकी दाखवून म्हणाला की अंकल तर हे सगळं निवडून गेलेत.

तू त्याच्या पाया लेबारजवळच्या दुकानात गेला होतास. हॉकर सेंटरच्या त्या दुपारनंतरच्या आठवड्यात, मला केस कापायला जातो म्हणून सांगून. घामानं भिजून आलास म्हणाला, म्हणून त्यानं बसायला स्टूल दिलं. आणि दुकानात मांडलेल्या शेगड्या तू एकेक करून पेटवायला लावल्यास आणि फुंकून विझवल्यास.

"अंकल ब्लो, ब्लो, ब्लो. ऑल माय डिस्प्ले ही ब्लो," कोह म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या नाकाला बोट लावलं. "ही से, माय वाइफ लाइक फायर, बट शी कॅनॉट स्मेल. सो यू गिव्ह मी द वन दॅट क्लोज बाय इटसेल्फ."

माझ्यासाठी तू इंडक्शन सोडलंस. वाद हरलास आणि मला सांगितलं नाहीस. हरलास की सांगायचं असतं, अरविंद. आयुष्यात एकदा माझं ऐकलंस, आणि तेही गॅसवाल्याला सांगितलंस. मी केवढं मिरवलं असतं! भरीत केलं असतं, सगळ्यांना जेवायला बोलावलं असतं आणि तुझ्या देखत प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली असती. मी ओट्याला टेकून उभी राहिले. कोह खाली बघत होता. मग मी त्याला म्हटलं, बसवा.

त्याचं काम बघायला तू हवा होतास. गॅस कंपनीच्या परवानगीचं तुम्ही दोघांनी आधीच उरकून ठेवलं होतं म्हणे. शेगडी ओट्याच्या खाचेत बसली, मागे पाइप जोडला. मग त्यानं पाण्यानं भरलेली वाकडी काचेची नळी लावली आणि पाइपमध्ये हवा दाबली. नळीतल्या पाण्याची पातळी हलली नाही तर गळती नाही. आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत बसलो. समोरच्या पुलावरून एमआरटी गेली, परत आली. पाणी जागचं हललं नाही. त्यानं फवाऱ्यानं साबण मारला, बुडबुडा नाही. तरी मी उठले, खोक्यांतून तुझी बाटली शोधली, आतलं पाणी वाळून गेलं होतं म्हणून भांड्यांच्या साबणाचं नवीन केलं, आणि सईचा ब्रश घेऊन सगळ्या सांध्यांना पुन्हा लावलं. त्याला राग आला नाही. "अंकल्स ब्रश?" एवढंच त्यानं विचारलं, आणि मागच्या बाजूचा एक सांधा राहिला होता तो दाखवला.

खिडकी उघडी ठेवून त्यानं गॅस सोडला. रिकाम्या पाइपात हवा भरलेली होती, त्यामुळे आधी काही पेटेचना. नुसती ठिणगी उडायची. थोड्या वेळानं फुर्र झालं आणि ज्योत धरली. निळी, तळापासून टोकापर्यंत. मग कोह वाकला आणि त्यानं ती फुंकली. ज्योत गेली. त्यानं बोट वर केलं, थांबा म्हणून. क्षण-दोन क्षण काहीच नाही, आणि मग शेगडीच्या पोटातून बारीकसा टक आवाज आला. आतली झडप आपोआप बंद झाली होती. त्यानं मलाही एकदा फुंकायला लावलं. दिवा तोंडानं फुंकू नये हे आईंचं वाक्य मनात आलं, आणि मी फुंकर मारली.

भिंतीवर गॅसचा अलार्म लावला, तोही तूच निवडलेला. बटण दाबून वाजवला तर कान किटले. शेवटी धुण्याच्या जागेत पाणी तापवायचा गॅसचा हीटर. तो लावून झाल्यावर कोहनं बाजूची खिडकी दाखवली. "धिस विंडो कॅनॉट क्लोज, आंटी. रेन ऑल्सो कॅनॉट." मला हसू आलं. खिडक्या तू उघडायचास आणि कपडे भिजतात म्हणून मी लावायचे, हे सगळं सहजीवन त्याला कुठून कळलं असणार? तुझ्या बाजूनं बोलायला तू एक माणूस पाठवलास, तेवढं खरं.

जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "आंटी स्टे अलोन?"

यस, मी म्हणाले. आजवर हे कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. लोकांना ते माहीतच होतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तो मान हलवून लिफ्टकडे गेला. मी दार लावलं आणि घरात मी एकटी आहे हे मला आज जितकं कळलं तितकं सामान हलवतानाही कळलं नव्हतं.

दुपारी सईचा फोन आला. मी सांगितल्याबरोबर ती भडकली. "आई, यू कान्ट इव्हन स्मेल. जस्ट टेक इंडक्शन, लाह." मेलबर्नला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडली की त्या 'लाह'मधून सिंगापूर बाहेर येतं. मी म्हटलं, बाबांनी घेतलीय. मग दुकानातल्या शेगड्या फुंकल्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग म्हणाली की तू लावलेल्या अलार्मचा छोटा हिरवा दिवा खोलीतून दिसतो, त्याच्याकडे बघत ती झोपते. मग विचारलं, "व्हाय डिडन्ट ही टेल अस, आई?" तू तिला सांगून गेला असतास तर बरं झालं असतं. मला सोड, मी भांडले असते.

फोन ठेवल्यावर मी खाली जाऊन दूध आणलं. वर्षाच्या आत नको म्हणणाऱ्यांना मी हे कळवणार नाही. दिवा लावला, पण तो बाहेरच्या खोलीत, शेगडीपासून लांब. खिडकी उघडी. शेगडीला हळदकुंकवाचं बोट लावलं, छोटं पातेलं ठेवलं, ज्योत पेटवली. मग माझी पंचाईत झाली. घरच्या बाईनं दूध बघायचं आणि तू ज्योत बघायची, अशी आपली वाटणी. दोन्हीकडे एकटीनं कसं बघतात, ते तू शिकवलं नाहीस.

बटणावर हात ठेवला. दुधावर साय धरली, कडेनं सुरकुतली, दूध हळूहळू वर चढू लागलं. अगदी काठाशी आलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. तू आता माणसांना बाजूला सारत येशील, असं मला वाटलं. खरंच वाटलं. बाजूला सारायला माणसं कुठे होती?

वळले तोवर दूध उतरलं होतं. बर्नरवर चर्र झालं आणि ज्योत गेली. कुणी ओरडलं नाही. कुणी मला कॉरिडॉरमध्ये काढलं नाही. मी उभी राहून ऐकत होते. मग टक आवाज आला. झडप बंद झाली. मी बटण फिरवलं. भिंतीवरचा अलार्म गप्प होता. खिडकीतून वारा येत होता. सगळं तू ठरवलं होतंस तसं नीट चाललं होतं, आणि तू नव्हतास.

आता बसले आहे ओट्यापाशी. बर्नरवर दूध करपून काळं झालंय, ते दिसतंय. वास घरभर सुटला असणार, शेजारीही गेला असेल. मला काही येत नाही. तेवढं सांग, अरविंद, कसा येतोय? चांगला म्हणू नकोस. नीट सांग.